सात नंबरची वही

१

कपाटात सहा नंबरची वही होती, आठ नंबरचीही होती. मधली सात नंबरची तेवढी नव्हती. त्या रिकाम्या फटीकडे प्रमोदिनीताई अशा बघत होत्या, जणू घरातलं माणूस न सांगता उठून गेलंय.

"साडेनऊला होती," त्या म्हणाल्या. "मी माझ्या हातानं धूळ पुसली तिच्यावरची."

आता अकरा वाजले होते. चार वाजता पुण्याहून पाहुणे येणार होते. ते कंपनीत भागीदार व्हायचं की नाही हे ठरवायला येत होते, आणि त्यांना बघायची होती नेमकी हीच वही.

दारात पाचसहा माणसं जमली. सगळ्यांच्या मागे रागिणी गावंडे उभी होती. नोकरीचा तिचा पहिला दिवस. खरं सांगायचं तर पहिले दोन तास. संगणक विभागाचा प्रमुख केदार मोबाइलवर दाराच्या नोंदी चाळत होता. या खोलीचं दार कार्ड लावल्याशिवाय उघडत नसे, आणि कुणाचं कार्ड किती वाजता लागलं ते दाराचं यंत्र टिपून ठेवत असे.

"प्रमोदिनीताई साडेनऊला बाहेर पडल्या. त्यानंतर अकरापर्यंत दार एकदाच उघडलंय," तो म्हणाला. "नऊ बावन्न. कार्ड नंबर एकसष्ट." त्यानं मान वर केली. "रागिणी गावंडे कोण?"

रागिणीनं शाळेत करतात तसा हात वर केला. सगळी डोकी मागे वळली.

२

धुरा सिस्टीम्सचं नाव रागिणीला सातवीपासून पाठ होतं. मूर्तिजापूरजवळच्या तिच्या गावात कंपनीनं तेव्हा एक पांढरी डबी खांबावर बसवली होती. एका सकाळी डबीनं वडिलांच्या फोनवर निरोप धाडला: आज फवारू नका, चार वाजता पाऊस. आभाळ लख्ख होतं. गावानं डबीची टिंगल केली, शेजाऱ्यानं पंप पाठीवर घेतला. चारला दहा मिनिटं कमी असताना असा धोधो कोसळला, की शेजाऱ्याचं औषध नाल्यात आणि शेजारी घरात. त्या दिवसापासून वडील म्हणायचे, माणूस खोटं बोलतो, डबी बोलत नाही. रागिणीनं कंपनीचे संस्थापक कमलाकांत असनारे यांचा वर्तमानपत्रातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मैत्रिणींच्या कपाटांत नट होते. हिच्या कपाटात टक्कल पडलेले एक इंजिनीअर. चिडवायला मैत्रिणींना दुसरं काही लागत नसे.

नोकरी लागल्याचं पत्र आलं तेव्हा गावात पेढे वाटले गेले. रुजू व्हायचं होतं एक डिसेंबरला. पण गेल्या आठवड्यात खुद्द कमलाकांत सरांचा फोन आला: "रागिणी, एक तारखेची वाट नको बघूस. सोमवारीच ये. तुझी गरज आहे." फोन ठेवल्यावर बराच वेळ तिचे कान गरम होते.

आई मात्र खूश नव्हती. आज सकाळी एसटीत बसल्यावरही तिचा फोन आलाच.

"एक तारखेले होतं ना तुहं जाणं? काहून एवढी घाई केली कंपनीनं? उद्या सीतादही ठेवली होती म्या."

"करून टाक न आई तू. कापूस फुटून पडला आहे सारा. आभाळाचा भरवसा नाही."

"तुह्या हातानं करायची यंदाची. बाया आल्या होत्या वेचाले, त्याईले मांगं फिरवलं. रविवारी तू आली का करू. सीतादही झाल्याबिगर बोंडाले हात लावत नसतेत."

नऊ वाजून दहा मिनिटांनी फाटकावर तिनं नाव लिहिलं. स्वागतकक्षात शिरताच समोर मोठं पोस्टर: 'डबी क्रमांक ७. पहिली वेचणी १४ ऑक्टोबर! शेजारची शेतं: ५ नोव्हेंबर. डबीचं ऐका, तीन आठवडे पुढे राहा.' आणि पोस्टरच्या बाजूला, सोनेरी चौकटीत, एक फोटो. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, सात खडे मांडलेले, त्यांना हळदीकुंकू, द्रोणात दहीभात. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, तिचा नवरा, आणि दोघांच्या मधे हात जोडलेले कमलाकांत सर. मागे कापूस धुऱ्यापर्यंत पांढराशुभ्र फुटलेला. खांबावर डबी, तिच्यावर सातचा आकडा. खाली पितळी पट्टीवर कोरलेलं: 'बळीराजाच्या आशीर्वादानं. नत्थुजींचं शेत, दिवाळी पाडवा, २ नोव्हेंबर.' गेल्या हंगामातला फोटो. एवढ्या मोठ्या कंपनीच्या भिंतीवर, आई दरवर्षी मांडते तसे सात खडे बघून रागिणीचा ऊर भरून आला.

"आवडला?" मागून आवाज आला. कमलाकांत सर! नव्या माणसाला ओळखपत्राचा लिफाफा ते स्वतःच्या हातानं द्यायचे, ही त्यांची रीतच होती. तिनं लिफाफा घेतला आणि त्यांच्यासमोरच जपून बॅगेत ठेवला. सरांनी तिच्या खांद्यावरची बॅग अलगद उतरवून खुर्चीवर ठेवली. "पहिल्या दिवशी बॅग इथंच ठेवायची. नियम आहे आपला. फॉर्म भरून झाले की घे."

एवढा मोठा माणूस आपली बॅग उचलतो! फॉर्म भरताना तिला आपलं नावसुद्धा नीट लिहिता येईना. साडेदहाला बॅग परत घेतली, तेव्हा लिफाफा होता तिथंच होता.

आणि आता अकरा वाजता सगळे तिच्याकडे बघत होते.

३

कमलाकांत सरांनी सर्वांना शांत केलं. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"आज सोमवार. दहाला रद्दीवाला येऊन गेला," ते म्हणाले. "रागिणी शेत-नोंदी विभागात आली आहे. उत्साहानं कपाट आवरायला गेली असेल, जुनी वही म्हणून रद्दीत टाकली असेल. चूक होते. पहिला दिवस आहे तिचा. मी तिला माफ केलंय, तुम्हीही करा."

"सर, मी त्या खोलीत गेलेच नाही," रागिणी म्हणाली.

"घाबरू नकोस, बेटा. नोकरी जाणार नाही तुझी." त्यांनी तिच्या हातात एक कागद दिला. माझ्या हातून सात नंबरची वही नजरचुकीनं गहाळ झाली, असं त्यावर छापलेलं होतं. खाली तिचं नाव आणि सहीची जागा. "पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं ना. चारच्या आत सही करून दे. नाही केलीस तर मात्र मला पोलिसांत जावं लागेल. माझाही इलाज नाही."

केवढं मोठं मन, असं कुणीतरी पुटपुटलं. रागिणीला रडू फुटलं. सही केली तर नोकरी राहत होती. पण जन्मभर त्या इमारतीत ती वही हरवणारी मुलगी राहणार होती. नाही केली तर चोर होऊन गावी जायचं, पेढे खाल्लेल्या गावात.

ती जिन्याखाली जाऊन बसली. थोड्या वेळानं समोर पितळी पेल्यात पाणी आलं. फाटकावरचे सूर्यभान ढोके. पंचवीस वर्षं पोलिसांत हवालदारी करून आठ वर्षांपूर्वी इथल्या सुरक्षेवर आलेले.

"पी, पोरी. मंग सांग, गेलती का तू त्या खोलीत?"

"नाही गेली, काकाजी. आईची शपथ."

सूर्यभानजींनी मिशीवरून हात फिरवला. "पंचवीस वर्सांत म्या लय पायलं. चोर सापडला का मंग माफी होते. इथं चोर सापडाच्या आधीच माफी, अन् थेबी छापून तयार! कागद केव्हा छापला असन बाप्पा यायनं?"

रागिणीनं कागदाकडे बघितलं. वही हरवल्याचं अकरा वाजता समजलं. कागद तिच्या हातात अकरा वाजून पाच मिनिटांनी आला होता.

४

सूर्यभानजींना चौकशी करायला कुणी सांगितलं नव्हतं. पण हवालदारानं टोपी काढली तरी सवय काढून ठेवता येत नाही. पाहुण्यांनी विचारलं तर मले सांगता आलं पायजे, असं म्हणत ते रागिणीला घेऊन एकेकाकडे गेले.

प्रमोदिनीताई चिडलेल्या होत्या. अठरा वर्षं त्यांनी ते कपाट सांभाळलं होतं. "माझ्यावर संशय घेता? प्रत्येक डबीची एक वही. शेतकरी स्वतःच्या अक्षरात लिहितो: पेरलं कधी, फवारलं कधी, पहिली वेचणी कधी. हंगाम संपला की वही इथं येते. मी फक्त धूळ पुसते. उघडून वाचायची मला सवय नाही."

"सात नंबरची कोन आनली होती?"

"सरांनी. स्वतः." त्यांनी रागिणीकडे बघितलं आणि स्वर थोडा नरम केला. "सही करून टाक गं. सर चांगले आहेत."

केदारनं पडद्यावरून डोळेसुद्धा काढले नाहीत. "वही हरवली म्हणून एवढं काय? तारखा संगणकात आहेत. सात नंबर, पहिली वेचणी चौदा ऑक्टोबर. पाहुण्यांना मूळ कागदच हवा, हा त्यांचा हट्ट."

"तारीख तुमी वहीतून उतरवली?" रागिणीनं विचारलं.

"मला तारखा सांगितल्या जातात, मी भरतो. कपाशीचं झाड मी अजून जवळून पाहिलेलं नाही, खरं सांगू का." तो हसला. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलेलं दिसलं नाही.

सहदेव हा कंपनीचा शेतावर फिरणारा माणूस. डब्या बसवायचा, दुरुस्त करायचा. तो गाडी पुसत होता.

"नत्थुजीच्या वावरात मीच जात होतो," तो म्हणाला. "पण गेल्या वर्सी दसऱ्याच्या आधी माह्या पायाचं हाड मोडलं. दोन महिने खाटेवर होतो न मी. तेव्हा साहेब खुद्द जात होते. यंदाच्या उन्हाळ्यात नत्थुजी वारले. लय सरळ माणूस. वहीत काही खोटं लिहिन तं त्याचा हात चालन नाही, असा."

"आज सकाळी दहाच्या सुमारास कुठं होता?" रागिणीनं विचारलं.

"रद्दी भरून देत होतो गाडीत. जुनी छापील माहितीपत्रकं होती. वही नव्हती. वही असती तं मले दिसली असती."

म्हणजे वही रद्दीत गेलीच नव्हती. मग ती इमारतीतच कुठंतरी होती. रागिणीनं घड्याळ बघितलं. अडीच वाजले होते.

५

"बॅग तुह्याजवळ नव्हती म्हनतं," सूर्यभानजी म्हणाले. ते दोघं स्वागतकक्षात त्या खुर्चीपाशी उभे होते. "कार्ड बॅगेत होतं. म्हनजे ज्यानं कार्ड वापरलं त्यानं इथून काढलं अन् इथंच परत ठेवलं. पन तू बॅग अशी उघड्यावर ठेवलीच काहून?"

"नियम आहे न, काकाजी. पहिल्या दिवशी बॅग बाहेर ठेवायची."

"कोन सांगितलं?"

रागिणीनं नाव सांगितलं. सूर्यभानजींनी खिशातून चष्मा काढला, पुसला, पुन्हा खिशात ठेवला.

"आठ वर्सं झाले मले इथं," ते हळूच म्हणाले. "असा नियम नाही, पोरी."

रागिणीला पटेना. तिला ते पटवून घ्यायचंच नव्हतं. सरांना चुकून वाटलं असेल, जुना नियम असेल. सरांना स्वतःच्याच कंपनीची वही कशाला लपवायची? वहीत तर त्यांच्या कौतुकाचीच तारीख होती. आतापर्यंत सगळे एकच विचारत होते, वही नेली कुणी. वहीत लिहिलं काय होतं, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं. पोस्टरवर ठळक छापलेलं असताना विचारायचं कशाला?

तिनं पोस्टर वाचलं. चौदा ऑक्टोबर. मग नजर आपोआप बाजूच्या फोटोवर गेली. सकाळी ज्या सात खड्यांनी तिचा ऊर भरून आला होता, ते तिथंच होते. हळदीकुंकू. दहीभात. धुऱ्यापर्यंत पांढरा कापूस, एकही बोंड रितं नाही. दोन नोव्हेंबर.

तिच्या कानात आईचा सकाळचा आवाज आला.

"काकाजी," ती म्हणाली, "हे काय आहे फोटोत?"

"सीतादही होय. एवढं इचाराले..." ते बोलता बोलता थांबले. पोस्टरकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. "अरे बाप्पा."

सहदेवकडे नत्थुजींच्या मुलीचा नंबर होता. तिनं आईला, म्हणजे फोटोतल्या बाईंना, फोन दिला. गोदाबाईंना तारखा ठाऊक नव्हत्या, सण ठाऊक होते.

"सीतादही ना? पाडव्याले केली. तुमचे साहेब आले होते, फोटो काहाडला. भाऊबीज झाल्यावर बाया लावल्या वेचाले."

"त्याच्या आधी थोडासा वेचला असन न, आजी? चार बोंडं?"

म्हातारीचा आवाज चढला. "कोनाची पोरगी होय वं तू? सीतादहीच्या आधी बोंडाले हात लावला तं हात झडन माहा!"

६

साडेतीनला रागिणी कमलाकांत सरांच्या खोलीत गेली. कागद तिनं टेबलावर ठेवला. सूर्यभानजी दारात उभे राहिले.

"केलीस सही? शहाणी मुलगी."

"नाही केली, सर." ती एका दमात बोलत गेली. "वहीत पहिली वेचणी चौदा ऑक्टोबरची नाही. पाडव्यानंतरची आहे. बाहेरच्या फोटोत दिसतंय ते. ती सीतादही आहे. कापसाला पहिला हात लावायच्या आधी करतात, नंतर नाही. फोटो दोन नोव्हेंबरचा आहे, आणि मागचा सगळा कापूस अजून झाडावर आहे."

सरांचं हसू तसंच राहिलं. डोळे तेवढे बदलले.

"म्हणजे चौदा तारीख कुणीतरी मनानं घातली. सहदेवभाऊंनी घातली असती तर तो फोटो त्यांनी तिथं टिकू दिला नसता; त्यांना सीतादही माहीत आहे. ही चूक शेत माहीत नसलेल्या माणसाची आहे. केदारसरांना माहीत नाही, पण ते सांगितलेली तारीख भरतात. आणि माझं कार्ड बॅगेत आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. लिफाफा मी बॅगेत ठेवला तो फक्त तुमच्यासमोर. बॅग बाहेर ठेवायचा नियम फक्त तुम्ही सांगितलात. मी एक तारखेला येणार होते, तर तुम्हीच मला आज बोलावलंत, पाहुणे यायच्या दिवशी, रद्दीच्या दिवशी. आणि वही हरवल्यावर पाच मिनिटांत हा कागद छापून आला." तिला हुंदका आला. "मला वाटलं होतं, तुम्हाला माझी गरज आहे."

कमलाकांत सरांनी टेबलाचा खण उघडून निळ्या पुठ्ठ्याची वही बाहेर काढली आणि तिच्यापुढे सरकवली. शेवटून तिसऱ्या पानावर नत्थुजींचं वाकडं, ठसठशीत अक्षर होतं: '४ नोव्हेंबर. आज पहिली वेचणी. पाऊस लांबला म्हणून उशीर. डबीचा दोष नाही.'

"जाळायला दोनदा काढली," ते म्हणाले. "ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हात धजला नाही."

"मग खोटी तारीख तरी का घातलीत?"

"पाहुणे आले नाहीत तर मार्चपर्यंत कंपनी बंद होईल. साठ घरं आहेत, रागिणी. एका मुलीच्या नावावर एक छोटी चूक. मी तुला सांभाळलं असतं. पगार वाढवला असता." त्यांनी भिंतीच्या दिशेनं बघितलं, जणू भिंतीपलीकडचा फोटो त्यांना दिसत होता. "ती पूजा... मला वाटलं, शेतकरी करतात तसलं काहीतरी. चांगला फोटो आला म्हणून लावला."

रागिणीला राग आला; आयुष्यात पहिल्यांदा या माणसाचा. "इतकी वर्षं शेतांत फिरताय, सर. त्या बाईच्या शेजारी हात जोडून उभे राहिलात. हे काय आहे, असं एकदाही विचारलं नाहीत?"

खाली गाड्यांची दारं लागल्याचा आवाज आला. सूर्यभानजी म्हणाले, "पाव्हणे आले."

सरांनी वहीवर हात ठेवला. "कागदावर सही कर, नाहीतर निघून जा. पण आत्ता, या क्षणी काही बोलू नकोस. हात जोडतो."

७

पाहुणे तिघं होते. त्यांच्या प्रमुख स्वराली मॅडम स्वागतकक्षातच थांबल्या. सगळे कर्मचारी रांगेत उभे, केदार पुढे, प्रमोदिनीताई फुलांचा गुच्छ घेऊन. रागिणी सर्वांच्या मागे, हातात सही न केलेला कागद. निघून जायचंच म्हटलं तर गावाकडची एसटी पाच वाजता होती. आपण आता बोलायचं की नाही, हे तिला खरोखरच ठरवता येत नव्हतं. बोललं तर साठ घरांची नोकरी तिच्या जिभेवर होती. गप्प राहिलं तर तिचं स्वतःचं नाव जात होतं, आणि नत्थुजींचंही.

स्वराली मॅडमनी पोस्टर वाचलं, मान डोलावली. मग फोटोपाशी गेल्या.

"किती सुंदर! ही कसली पूजा हो?"

त्यांनी सहजच विचारलं होतं. कमलाकांत सरांनी तोंड उघडलं. शेताची पूजा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. रागिणी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनीही गर्दीतून शोधून तिच्याकडे बघितलं. मग ते फोटोजवळ गेले, चष्मा वर केला आणि स्वतःच्याच भिंतीवरचा फोटो पहिल्यांदा बघत असल्यासारखे बघत राहिले.

"ही सीतादही," ते म्हणाले. "कापसाला पहिला हात लावण्याआधी करतात."

स्वराली मॅडम हसत होत्या. त्यांची नजर खालच्या पितळी पट्टीवर गेली. तिथून पोस्टरवर. पुन्हा पट्टीवर. हसू हळूहळू मावळत गेलं.

"पण मग ही चौदा ऑक्टोबर..."

"खोटी आहे. मी घातली. वही माझ्या खणात आहे, हरवलेली नाही." त्यांनी रागिणीकडे हात केला. "या मुलीनं काही केलेलं नाही. तिचं कार्ड मी वापरलं."

पाहुणे चहा न घेताच गेले.

त्यानंतर त्या इमारतीत कुणी मोठ्यानं बोललं नाही. केदारनं रागिणीच्या बाजूनं जाताना म्हटलं, "झालं समाधान?" प्रमोदिनीताईंनी तो गुच्छ स्वागतकक्षाच्या खुर्चीवर ठेवला आणि तिच्याकडे न बघता कपाटाकडे निघून गेल्या. अठरा वर्षं सांभाळलेलं कपाट मार्चनंतर कोण पुसणार, हे त्यांनाही ठाऊक नसावं. रागिणीला वाटलं, ओरडून सांगावं, मी नाही केलं हे. पण ते आता सगळ्यांना माहीत होतं, आणि तरीही कुणाला तिच्याशी बोलायचं नव्हतं.

फाटकापाशी आईचा फोन आला.

"कसा गेला वं पहिला दिवस? चांगली हाये का कंपनी?"

सातवीपासून या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं. ते आता निघेना. डोळे भरून आले.

"डबी चांगली हाये, आई," ती म्हणाली. "रविवारी सीतादही करू. मी येतोच."

सूर्यभानजींनी तिच्यापुढे फाटकावरची नोंदवही केली. निघण्याची वेळ लिहून तिनं सही केली. ही सही मात्र तिनं मनापासून केली.

"उद्या येशीन ना?"

तिनं मागं वळून इमारतीकडे बघितलं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत कमलाकांत सर उभे होते. तिनं हात केला नाही, त्यांनीही केला नाही.

"कंपनी उद्या राहीन का, काकाजी?"

"राहीन तं राहीन, नाही तं नाही. ते तुह्या हातात नाही." त्यांनी बॅग उचलून तिच्या खांद्यावर दिली. "पन आली तं बॅग आत घेऊन जाजो. बाहेर ठेवाचा नियम नाही आपल्याकडं."